शेवटच्या खोलीची ऊब

बाथरूमचं छत फोडलं त्या सकाळी घरच्यांनी एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली, आणि जिच्याबद्दल ठरवली तिला ती चहा पिता पिता सांगितली. शेवटच्या खोलीकडे जाणारा हवेचा डक्ट कापायचा, त्याच्या तोंडाला पत्र्याचं झाकण ठोकायचं आणि आत्याला विजेचा एक हीटर आणून द्यायचा.

"चाकांचा आणू, आत्या," भाचा म्हणाला. "पाहिजे तिथे ढकलत न्यायचा."

"मला पाहिजे तिथे मी आधीच बसलेली आहे," आत्या म्हणाली. "ऊब तेवढी यायची राहिलीय."

भाच्याने कपात तोंड घातलं. अडचण आली की कपात तोंड घालायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. तेव्हा कपात दूध असायचं, एवढाच फरक.

आत्याला ती सवय माहीत असणारच, कारण त्याला वाढवलं तिनेच. भाऊ आणि वहिनी पाठोपाठ गेले तेव्हा हा छोटू दहा वर्षांचा होता. आत्याचं शिवणकामाचं दुकान होतं, दुकानामागे एक खोली होती, आणि त्या खोलीत तिने त्याला शिकवून शहाणा केला. निदान शिकवला तरी. आता छोटूचे केस पांढरे व्हायला लागले, तरी घरात तो छोटूच. नऊ वर्षांपूर्वी आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले, दुकान बंद झालं, आणि शिलाई मशीन, दोन कात्र्या आणि कपडे बेतायच्या खाकी कागदाच्या कटिंगांचा गठ्ठा घेऊन ती त्याच्या घरी राहायला आली. घरातल्या बोळाच्या टोकाची शेवटची खोली तिला मिळाली. त्याआधी तिथे खोकी ठेवलेली असत.

त्या खोलीत हिवाळ्यात बोटं वाकत नसत. बाकीचं घर छान ऊबदार. जिन्याखालच्या कपाटात यंत्र घुमायचं आणि पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत हवा जायची, हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार. सूनबाई, म्हणजे छोटूची बायको, भर थंडीत अर्ध्या बाह्यांनी वावरायची. आत्या दोन स्वेटर चढवून मशीनवर बसायची. पहिल्या हिवाळ्यात तिने तक्रार केली. यंत्र तपासायला माणूस आला, यंत्राच्या पोटात डोकं घालून 'सगळं ठीक आहे' म्हणाला आणि गेला. मग सगळे म्हणाले, वय झालं. उन्हाळ्यात तीच खोली तापली तेव्हा म्हणाले, तुमची प्रकृतीच उष्ण. एकाच बाईची प्रकृती सहा महिने थंड आणि सहा महिने उष्ण कशी, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही. माणसाला दहादा सांगितलं की त्याला ते खरंच वाटायला लागतं. आत्यालाही वाटायला लागलं, आणि तिने आपल्या हाडांना शिव्या घालायला सुरुवात केली.

तर आता बाथरूम नवं करायचं होतं. जुना टब काढायचा आणि तिथे काचेच्या आड उंच शॉवर बसवायचा. नेमकं त्याच जागी छताखाली प्लायवूडचं लांबट खोकं होतं, आणि आत्याच्या खोलीचा डक्ट त्या खोक्यातून जात होता.

काम एका ठेकेदाराकडे दिलं होतं. त्याला काहीही विचारा, तो म्हणायचा, "होऊन जाईल." नळ डावीकडे घेता येईल? होऊन जाईल. आरसा दुप्पट मोठा? होऊन जाईल. सूनबाईने त्याचं नावच 'होऊनजाईल' पाडलं होतं. त्या घरात "नाही होणार" हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाले ते आत्याच्या डक्टबद्दल.

"नाही होणार, आजी," तो बाथरूमच्या दारात उभा राहून म्हणाला. "डक्ट फिरवायला जागाच नाही. वर तुळई, खाली वरच्या मजल्याचा सांडपाण्याचा पाइप, मधे चार बोटं. बाजारातला एकही तयार तुकडा तिथे बसायचा नाही. आणि एवढा खटाटोप कशाला? तसाही त्यातून वारा येत नाही. तुमची खोली लांब पडते."

"मी तुमची आजी नाही. आणि लांब म्हणजे किती लांब?"

"लांब म्हणजे... लांबच की."

'जरा सैल', 'थोडं लांब' असं मोघम बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना जिने चाळीस वर्षं टेप लावून गप्प केलं, तिच्यासमोर हे बोलायला नको होतं. आत्याने गळ्यातली टेप काढली, दुसरं टोक सूनबाईच्या हातात दिलं आणि जिन्याखालच्या यंत्रापासून मापायला सुरुवात केली. आत्याची खोली सात टेपा भरली. छोटूची झोपायची खोली भरली साडेआठ.

"म्हणजे लांबची खोली गरम आणि जवळची गार," आत्या म्हणाली. "तुमचा वारा काय माणसांची तोंडं बघून जातो?"

सूनबाईला हसू आलं. छोटूने कप उचलला, पण तो रिकामा होता.

शिडीवर पत्रेवाला बसला होता. डक्ट कापायला म्हणून त्याला बोलावलं होतं, आणि त्याची पत्रा कापायची कात्री तयार होती. जन्मभर पत्रा ठोकून त्याचे कान गेले होते. लोक त्याच्याशी ओरडून बोलत आणि तो मात्र सगळ्यांशी हळू बोले. खाली काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं. आत्याने शिडीवर टकटक केलं.

"उतरा. मला वर जायचंय."

"आत्या, काहीतरीच काय!" छोटू म्हणाला. "या वयात शिडी?"

"याच वयात. पुढच्या वयात जमेल न जमेल."

ती चढली. छोटूने एका बाजूने शिडी धरली, सूनबाईने दुसऱ्या बाजूने. आत्याने उघड्या डक्टवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला, इतका पत्रा तापलेला होता. तिने हात पुढे सरकवला. एक वीत, दोन विती गरम, आणि मग एकदम गार. ऊब हळूहळू कमी होत गेली नव्हती. शिवण संपते तशी एका जागी संपली होती. त्या जागी डक्टच्या कुशीत बोटाएवढा एक दांडा होता.

"हे काय आहे?" तिने पत्रेवाल्याला ओरडून विचारलं.

"झडप," तो हळूच म्हणाला. "दांडा डक्टच्या रेषेत असला तर उघडी. आडवा असला तर बंद."

"आणि हा?"

पत्रेवाल्याने मान वर करून बघितलं. "आडवा."

आत्याने वरून भाच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी खिडकीची काच फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता, आणि आत्याला ते एका नजरेत कळलं.

"खोकी होती ना तिथे," छोटू म्हणाला. "घर घेतलं तेव्हा. मी म्हटलं, रिकाम्या खोलीला कशाला ऊब... मीच बंद करायला लावली. मग त्यावर प्लायवूड बसलं. आणि मग..."

"आणि मग मी आले."

"विसरलो, आत्या. देवाशप्पथ विसरलो."

रिकाम्या खोलीला दिवा नको, रिकाम्या खोलीला पंखा नको. दुकानामागच्या खोलीत हे कोणी कोणाच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं? आत्यानेच. दिवा जळता ठेवला म्हणून तिने या पोराचा कान पिळला होता, एकदा तर तो बंद करायला रस्त्यावरून परत पाठवलं होतं. बाकी शिकवलेलं सगळं विसरला आणि नेमकं हे तेवढं लक्षात ठेवलं गाढवाने! तिला राग आला. मनापासून, आतून, खूप राग आला. रागाच्या मागोमाग रडूही आलं, आणि शिडीवर रडणं बरं दिसत नाही म्हणून तिने ते गिळलं.

"नऊ वर्षं मी माझ्या हाडांना शिव्या घातल्या, छोट्या," ती म्हणाली. "हाडांचा काही गुन्हा नव्हता."

दांडा गंजून बसला होता. तिच्याने हलेना. मग ती खाली उतरली, पत्रेवाला वर चढला, हातोडीचे दोन ठोके दिले, आणि दांडा करकरत फिरला. आत्या सरळ आपल्या खोलीत गेली. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात जाळी होती, आणि जाळीशेजारी खिळ्याला खाकी कागदाची कटिंगं टांगलेली होती: कोटाची पाठ, बाही, कॉलर. नऊ वर्षांत त्यातला एकही कागद कधी हलला नव्हता. आता सगळे एकदम सळसळायला लागले. आत्या त्यांच्याखाली तोंड वर करून उभी राहिली. थोड्या वेळाने तिने एक स्वेटर काढला.

दारात होऊनजाईल येऊन उभा होता. "झडपेचं झालं ते ठीकच," तो म्हणाला. "पण शॉवर तिथेच यायचाय. तुळई तिथेच आहे, पाइप तिथेच आहे. टाइलवाला परवा सकाळी येतो. डक्ट तर काढावाच लागणार, आजी."

छोटू त्याच्या मागे होता. "आत्या, त्यांचंही बरोबर आहे गं. चुकलं माझं, कबूल. पण आता हीटर आणू ना, उत्तमपैकी..."

"छोट्या, तुझी खोली गरम आहे का?"

"आहे."

"हीटर आहे तिथे?"

"नाही."

"मग मला तुझ्यासारखंच हवंय. त्याहून जास्त नको आणि कमीही नको."

तिने मशीनपुढचं स्टूल उचललं, बाथरूमच्या दारात आडवं टाकलं आणि त्यावर बसली. हवेला दुसरा रस्ता मिळेपर्यंत हा पत्रा कापायचा नाही, असं तिने जाहीर केलं. होऊनजाईलने छोटूकडे पाहिलं, छोटूने बायकोकडे पाहिलं. सूनबाई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? शॉवर मला हवाय, पण आत्याबाईंना गारठवून नकोय." आणि ती आत्यासाठी उशी घेऊन आली, कारण स्टूल कडक होतं.

स्टुलावर बसल्या बसल्या आत्या वर बघत होती. तुळई, पाइप आणि मधली चार बोटं. बाजारातला तुकडा बसत नाही म्हणे. बाजारातला तयार कोट तरी कोणाला बसतो? एक खांदा उंच, एक खाली, पाठीला पोक, पोट पुढे, अशा माणसांनाच तर तिने चाळीस वर्षं कपडे शिवले होते. सरळ माणूस तिच्या दुकानात कधी आलाच नाही.

"सूनबाई," ती म्हणाली, "माझा खाकी कागद आण. आणि टाचण्या."

दुपारभर तिने घराला बाही शिवली. पत्रेवाला शिडीवर, ती खाली. कागदाची नळी त्याने तुळई आणि पाइप यांच्यामधून सरकवायची, कुठे चुरगळते ते बघायचं, तिने तिथे टाचणी मारायची. सुरुवातीला चौकोनी, मग चपटी, मग उजवीकडे वळून पुन्हा चौकोनी.

"चपटी केली की घेर वाढवा," पत्रेवाला म्हणाला. "नाहीतर हवा गुदमरेल."

"काखेत वाढवतो तसा?"

"काखेचं मला ठाऊक नाही. दोन बोटं वाढवा."

शेवटी तिने टाचण्या काढल्या आणि नळी उलगडून जमिनीवर पसरली. पत्रेवाला गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

"शिवणीला किती सोडलंय?"

"अर्धं बोट."

"मला एक लागतं. पत्रा दुमडावा लागतो."

"मग आधी सांगायचं."

"तुम्ही विचारलं नाही."

आत्याने अर्धं बोट वाढवलं, वरच्या बाजूवर खडूने मोठं 'सुलट' लिहिलं आणि कागद त्याच्या हवाली केला. त्याने शब्द दिला, उद्या दुपारी तुकडा तयार. त्या शब्दावर ती स्टुलावरून उठली आणि जुना डक्ट काढू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तुकडा घेऊन आला. काम असं सुरेख की बोट फिरवलं तरी कुठे खरखर लागू नये. शिडीवर चढून त्याने तो लावायला घेतला, आणि तुकडा डावीकडे वळला. खोली होती उजवीकडे.

आत्याने कागद मागवला. 'सुलट' म्हणजे बाहेरची बाजू, अंगात घातल्यावर लोकांना दिसते ती. शिंप्याचं पोरसुद्धा सांगेल. पत्रेवाल्याच्या कामात खुणांची बाजू नेहमी आत जाते; ते पत्रेवाल्याचं पोरसुद्धा सांगेल. दोघांनी आपापल्या रीतीने काम अगदी चोख केलं होतं, म्हणूनच ते उलटं झालं होतं.

होऊनजाईल पोट धरून हसला. "कोटाला दोन्ही बाह्या डाव्या!"

"आत्या, पुरे आता," छोटू हळूच म्हणाला. "उद्या सकाळी टाइलवाला येतोय. लोक हसायला लागले."

"हसू देत. हसण्याने पत्रा वाकडा होत नाही, तो आधीच वाकडा झालाय." आत्या म्हणाली. आता जुना डक्टही नव्हता आणि नवाही नव्हता. जाळी गार पडली होती आणि कटिंगं पुन्हा भिंतीला चिकटून गप्प होती. "कापडाचा तुकडा बिघडला म्हणून मी कोणाला उघडं पाठवलं नाही कधी. दुसरा कापायचा."

"दुसरा पत्रा नाही," पत्रेवाला म्हणाला. "परवाशिवाय मिळायचा नाही."

आत्याने बोळाकडे बोट केलं. काढून ठेवलेला जुना डक्ट तिथे भिंतीला टेकून उभा होता.

"तो काय आहे?"

"तुमचाच जुना."

"मग उसवा तो."

पत्रेवाला जरासा हसला. त्या घरात तो पहिल्यांदाच हसला. जुनं उसवून नवं करणं त्याच्या धंद्यातही असावं. त्याने बोळातच जुना डक्ट उलगडून सपाट केला. आत्याने कागद त्यावर पालथा घातला, चारही कोपरे स्वतः दाबून धरले आणि मोठ्याने विचारलं, "खुणा आत?"

"खुणा आत."

"खोली उजवीकडे?"

"उजवीकडे, मास्तर."

चांगल्या कटरला म्हणतात तसं मास्तर म्हणाला तो तिला. आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण तिची मान ताठ झाली. ऊन अजून बोळात होतं तोवर तुकडा तयार झाला. वर एक जुना ओरखडा होता, कडा पहिल्याइतक्या सुबक नव्हत्या. पण तुळई आणि पाइप यांच्यामधून तो असा सरकला की होऊनजाईलसुद्धा मान वर करून बघत राहिला.

"झालं की हो," तो म्हणाला.

"होऊन जातं," आत्या म्हणाली.

आता फक्त झडप उरली. पत्रेवाला म्हणाला, झडप बसवावी लागतेच, नाहीतर हवा सोप्या रस्त्याने पळते. छोटू घाईघाईने म्हणाला, नको नको, झडप अजिबात नको. आत्याने दोघांना थांबवलं.

"बसवा. पण दांडा माझ्या खोलीत, जाळीच्या बाजूला. माझा हात पोचेल इतका खाली."

तसा तो बसला.

टाइलवाला आला, टाइल लागल्या, सूनबाईचा उंच शॉवर झाला. आठवड्याभरात हवेची वाटणी नव्याने झाली, आणि एका संध्याकाळी छोटू आपल्या खोलीतून हात चोळत बाहेर आला. "आमच्याकडे जरा थंड वाटतंय का गं?" त्याने विचारलं. आत्या उठली, कपाटातून आपला दुसरा स्वेटर काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

"वय झालं, छोट्या," ती म्हणाली.

सूनबाई इतकी हसली की तिला बसावं लागलं. छोटूही हसला, मग आत्याच्या खोलीत जाऊन तिच्या मशीनपाशी बराच वेळ बसला. कप नव्हता, म्हणून तोंड लपवायला जागाही नव्हती. आत्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला, आणि मग त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण तिथल्या तिथे शिवून दिलं.

दुसऱ्या सकाळी आत्या धागा आणायला बाजारात निघाली. पायात चप्पल घातली, सवयीने खोलीतला दिवा बंद केला आणि दाराशी थबकली. बोळातून छोटू बघत होता. आत्या दोन पावलं परत गेली, जाळीशेजारच्या दांड्यावर हात ठेवला आणि तो सरळ आहे ना, एवढंच बघितलं. वर कटिंगं सळसळत होती.

"आत्या," छोटू चेष्टेने म्हणाला, "रिकाम्या खोलीला ऊब?"

"रिकामी नाही," आत्या म्हणाली. "माझी आहे."

आणि दांडा तसाच सरळ ठेवून, दार ओढून घेऊन ती बाहेर पडली.